1896 च्या इंदुरातली कलाली कागदावर कशी उभी करायची?

वाचकाचं पत्र : "माझी कादंबरी 1896 सालच्या इंदुरात घडते. होळकर दरबारच्या फडणिशीतला एक ब्राह्मण कारकून आणि महूच्या छावणीतला एक गोरा शिपाई रात्री दारूच्या गुत्त्यात भेटतात आणि काही कागद या हातातून त्या हातात जातात. प्रसंग असा लिहिलाय : कोपऱ्यातलं गोल टेबल, वर कंदील, बिडीचा धूर, पोऱ्या गोटी सोड्याच्या बाटल्या आणि खारे दाणे आणून ठेवतो, तेवढ्यात घंटाघराचे नऊ ठोके पडतात. मित्र म्हणाला, हा सिनेमातला बार झाला. मी स्वतः दारूला शिवत नाही. खरी माहिती कुठे मिळेल? आणि कल्पनेला किती वाव घ्यावा?" – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

तुमच्या मित्राचं बरोबर आहे, पण प्रसंग टाकून देऊ नका. त्यातली गरज खरी आहे : एकमेकांशी उघड बोलू न शकणारी दोन माणसं भेटायला जागा शोधताहेत. फक्त जागा चुकली आहे. दिवा कुठे टांगायचा हे ठरवण्याआधी त्या दुकानावर कायदा कोणाचा चालत होता ते ठरवा. दारूचं दुकान किती वाजता बंद होतं, त्याला दारं किती, आत बसून प्यायला मुभा होती की नाही, हे सगळं परवान्याच्या अटींवर अवलंबून असे. म्हणून कलाली, म्हणजे देशी दारूचं दुकान, शोधायची ती अबकारीच्या, म्हणजे दारूवरच्या कर-परवान्यांच्या, कागदांत.

1818 च्या होळकर-इंग्रज मंदसोर तहानंतर इंदुरात इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीची कचेरी, आली, त्याच वर्षी महूची लष्करी छावणी वसली, आणि 1854 पासून सेंट्रल इंडिया एजन्सीचा, म्हणजे मध्य भारतातल्या संस्थानांवर इंग्रजी देखरेखीचा, कारभार इंदुरातूनच चालू लागला. राजवाडा, सराफा, खजुरी बाजार, जुनी इंदूर इथे दरबारचा अंमल. रेसिडेन्सी आणि तिला लागून असलेला बाजार, म्हणजे इंदुरातला आजचा छावणी हा भाग (महूची छावणी वेगळी), इंग्रजांच्या अखत्यारीत. रेल्वेच्या जमिनीवरचा न्यायाधिकारही दरबारने इंग्रजांना दिलेला. एका शहरात इतक्या हद्दी असल्या की एका बाजूचा गुन्हेगार दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि पोलिसाला परवानगीच्या कागदासाठी थांबावं लागतं. तुमच्या कथानकाला हे फार उपयोगी आहे. कलाली छावणीच्या बाजूला ठेवली तर कारकून स्वतःच्या दरबारच्या शिपायांपासून लांब राहतो. शहराच्या बाजूला ठेवली तर गोरा शिपाई अडचणीत येतो. छावणी-संयोगितागंज भागात कलाली मोहल्ला हे नाव आजही आहे. तिथून सुरुवात करा, पण आजच्या नावावरून 1896 चं दुकान तिथेच होतं असं धरून चालू नका.

दुसरा प्रश्न : दारू गाळली कुठे जायची? त्या काळात दोन पद्धती होत्या. एकीत इजारदार, म्हणजे मक्तेदार, लिलावात गावाचा किंवा परगण्याचा मक्ता घ्यायचा आणि दुकानाला लागूनच भट्टी लावायचा. अशा ठिकाणी धूर, ओली लाकडं, मोहाचा आंबूस वास आणि गिऱ्हाईक एकाच अंगणात. दुसरीत सगळ्या भट्ट्या सरकारी देखरेखीखाली एका आवारात. तिथून मोजून, पास घेऊन दारू दुकानात यायची आणि दुकानात फक्त विक्री व्हायची. एका संस्थानात, एका दशकात पद्धत बदललेली आढळते, आणि खेड्यात एक नि शहरात दुसरी असंही असे. तुमच्या प्रसंगात दुकानामागे भट्टी धडधडत असेल तर त्या सालच्या दरबारच्या अहवालात अबकारीचं प्रकरण आधी वाचा. पुरावा सापडला नाही तर भट्टी काढून टाका, किंवा प्रसंग शहराबाहेर सिमरोलच्या रस्त्यावर न्या. दुकान नुसतं विक्रीचं ठेवलं तर वाचकाचं काही बिघडत नाही.

दारू गाळण्याचं वर्णन करायचंच असेल तर त्यातली क्रिया नीट समजून घ्या. मोहाची फुलं फाल्गुन-चैत्रात पहाटे गळतात. ती वेचून, वाळवून साठवतात. साखर फुलातच असते, म्हणून वाळलेली फुलं पाण्यात भिजत घातली की रसायन आपोआप आंबतं : उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत, थंडीत आठवडा किंवा जास्त. मग ते भांड्यात घालून चुलीवर चढवायचं, तोंड बंद करायचं, बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात न्यायची आणि ते भांडं थंड पाण्यात ठेवायचं. सांधे ओल्या मातीने लिंपतात. लिंपण तडकलं की वाफ निसटते, माल कमी पडतो, आणि निसटलेली वाफ जाळापाशी गेली तर पेट घेते. जाळ जास्त झाला तर तळाची फुलं करपतात आणि करपट वास दारूत उतरतो. जुना गिऱ्हाईक पहिल्या घोटाला तोंड वाकडं करून तेच म्हणेल. भांड्याभोवतीचं पाणी कोमट झालं की बदलावं लागतं, नाहीतर वाफ थिजत नाही. सुरुवातीला उतरतं ते कडक, पुढचं पुढचं पाणचट. तीच दारू पुन्हा गाळली की दुबारा. तिची किंमत जास्त, आणि ती घेणारा वेगळा.

तीव्रता ठरवायला अबकारीच्या कागदांत "60 अंडर प्रूफ", "25 अंडर प्रूफ" असे आकडे येतात. लंडन प्रूफ म्हणजे सुमारे 57 टक्के अल्कोहोल. त्याहून 60 अंश खाली म्हणजे जेमतेम 23 टक्के, 25 अंश खाली म्हणजे साधारण 43 टक्के. पहिली साधी दारू, दुसरी आजच्या व्हिस्कीच्या तोडीची. सरकारी हिशेबात बाटली म्हणजे इंपीरियल गॅलनचा सहावा भाग, अंदाजे 758 मिलिलीटर. तुमचा शिपाई "दोन बाटल्या रिचवून" सरळ चालत जातो की भिंत धरून, हे या आकड्यांवरून ठरेल. 23 टक्क्यांची दीड लिटर दारू पोटात गेल्यावर कोणी कागद लपवू शकत नाही.

आता तुमचा परिच्छेद एकेक वस्तू घेऊन तपासू. टेबल काढा. देशी दारूच्या दुकानात गिऱ्हाईक उभ्याने पिऊन जाई, नाहीतर ओट्यावर, जमिनीवर उकिडवा बसे. टेबल-खुर्ची हवी तर ती महूच्या कँटीनमध्ये आणि साहेबांच्या क्लबात. वेटरसारखा पोऱ्याही नको. कलाल किंवा कलालीण स्वतः मापाने ओतून देते, आणि उधारी, नड, भांडण हे सगळं तिच्याच अंगावर येतं. तीच तुमची तिसरी व्यक्तिरेखा आहे. माळवा-राजस्थानच्या लोकगीतांत कलालीण उगाच आलेली नाही. भांडं कुठलं? पळसाच्या पानांचा द्रोण किंवा मातीचं बोळकं, पिऊन झालं की फेकायचं. दहा जातींची माणसं एका उंबऱ्याशी येत होती, आणि एकाचं उष्टं भांडं दुसरा घेणार नव्हता. दुकानाबाहेर फुटक्या बोळक्यांचा खच पडलेला दाखवलात तर बसायच्या जागेचं वेगळं वर्णन करावं लागणार नाही.

खाऱ्या दाण्यांपेक्षा फुटाणे, भाजलेले हरभरे, मीठ-मिरची, कांदा ठेवा. शेंगदाण्याचं पीक आपल्याकडे जोमात आलं ते पुढे. बिडीही त्या सालात तशी सवयीची नव्हती, तो धंदा विसाव्या शतकात फोफावला. चिलीम द्या. चिलीम एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि कोण कोणाची चिलीम घेत नाही हेही दिसतं, त्यामुळे तुमचं कामच होतं. उजेडासाठी रॉकेलची चिमणी चालेल. 1896 पर्यंत रॉकेलचे चौकोनी डबे बाजारोबाजारी पोचले होते आणि रिकामा डबा घरोघर पाणी भरायला, पत्रा म्हणून छपरावर वापरला जात होता. हीच कादंबरी 1857 ची असती तर रॉकेल नाही, पणतीत किंवा समईत तेल.

गोटी सोडा हा नाजूक मुद्दा आहे. गोटीच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉडने 1872 मध्ये घेतलं, म्हणजे साल जमतं. पण सोडा हे साहेबाच्या पेयाचं जोडीदार. कलालीत मोहाच्या दारूत सोडा ओतणारा माणूस दाखवला की चूक होते. वस्तू त्या काळी अस्तित्वात होती एवढं पुरत नाही, ती त्या माणसाच्या हातात आली असती का, ते पाहावं लागतं. साहेबाच्या पेल्यातही काळ बदललेला आहे. शतकाच्या मध्यावर ब्रँडी-पाणी चालायचं. 1860 नंतर फ्रान्समधले द्राक्षमळे फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाले, कोन्याक ही तिथली ब्रँडी महागली, आणि व्हिस्की-सोडा पुढे आला. तुमच्या 1896 ला मेसमध्ये व्हिस्की-सोडा बरोबर आहे.

घंटाघराचे ठोके मात्र काढाच. घंटाघर आहे ते गांधी हॉलवर, आणि तो, म्हणजे तेव्हाचा किंग एडवर्ड हॉल, 1904 चा. तसंच मालवा मिलचा भोंगा, परदेशीपुऱ्यातली कामगारांची गर्दी हेही विसाव्या शतकातलं. तुमच्या काळात आहे ती तुकोजीराव दुसरे यांच्या वेळची सरकारी कापडगिरणी. गादीवर शिवाजीराव होळकर आहेत, 1886 पासून. ते 1903 मध्ये पायउतार झाले.

पैसे कुठले दाखवलेत ते पत्रात नाही. इथे घसरायला सोपं आहे. इंदुरात ब्रिटिश रुपया एकमेव चलन झाला तो 1902 मध्ये. त्याआधी हाली, म्हणजे स्थानिक, रुपया आणि कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपया, दोन्ही बाजारात फिरत, आणि एकाचा दुसरा करताना बट्टा जाई. गोऱ्या शिपायाच्या खिशात कलदार, कारकुनाचा पगार हालीत. छावणीच्या सीमेवरची कलालीण नाणं हातात घेऊन आधी वाजवून पाहील आणि मग भाव सांगेल. कोण कुठून आलाय हे तिला तेवढ्यात कळतं.

आता मुख्य अडचण. तुमचा कारकून कलालीत जाईलच का? 1890 मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तो चहा होता. इंदुरातला मराठी समाज याच नात्यागोत्यातला. कारकून कलालीच्या ओट्यावर बसलेला कोणी पाहिला तर नोकरीपेक्षा आधी त्याच्या मुलीचं लग्न अडकेल. पिणारे नव्हते असं मुळीच नाही. ते घरी, दार लावून, नोकराकरवी मागवून पीत, किंवा छावणीत आणि महूला पारशी व्यापाऱ्यांच्या दुकानांतून विलायती माल आणत. गोऱ्या शिपायाचीही तीच गत. लष्करी छावणीच्या कायद्यात युरोपीय शिपायाला परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा होता. त्याने रेजिमेंटच्या कँटीनमध्ये बियर प्यावी असा बेत होता. पास नसताना तो तेरा-चौदा मैल मीटरगेजने येऊन देशी दुकानात शिरला तर कलालाचा परवाना जातो. तो त्याला आत घेणार नाही, किंवा घेईल तर मागच्या अंगणात आणि दुप्पट भावाने.

म्हणून माझा सल्ला : भेट कलालीत न ठेवता कलालीच्या दाराशी मोडू द्या आणि खरी भेट भांगेच्या घोट्यावर न्या. भांगेला तेव्हा उच्चवर्णीयांत तसा कलंक नव्हता. महाशिवरात्र, होळी, रंगपंचमी, आखाडा, नदीकाठचं शंकराचं देऊळ, कुठेही कारकून उजळ माथ्याने बसू शकतो. आणि याच काळाचा पुरावा भरपूर आहे : 1893-94 च्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने भांग, गांजा, चरस यांवर देशभर साक्षी घेतल्या, आणि त्याचे खंड स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. साक्षीदारांना कोण पितं, कधी, कशात मिसळून, एकट्याने की चारचौघांत, असेच प्रश्न विचारलेत. कादंबरीकाराला याहून काय हवं?

भांगेचा एक गुण लक्षात ठेवा. पानं धुऊन, काळी मिरी, बडीशेप, खसखस, बदाम घालून पाट्यावर बराच वेळ घोटतात, दुधात-पाण्यात कालवून फडक्यातून गाळतात. पोटात गेल्यावर अंमल चढायला अर्धा ते दोन तास लागतात. दारूची धुंदी बोलता बोलता चढते, भांगेची बोलणं संपून माणूस घरी निघाल्यावर. कारकून कागद देऊन शुद्धीत निघतो आणि कृष्णपुऱ्याच्या पुलावर पोचेपर्यंत त्याला दिलेल्या कागदाबद्दल नाही नाही त्या शंका यायला लागतात. हा प्रसंग भांगेतून आपोआप निघतो, दारूतून नाही.

शोध कुठे घ्यायचा? आधी इंपीरियल गॅझेटियरच्या 13 व्या खंडातलं इंदूर वाचा, मग लुअर्ड यांचं 1908 चं इंदूर स्टेट गॅझेटियर. दोन्हींत अबकारीचा भाग आहे, पण तो थोडका. 1901 च्या जनगणनेचा सेंट्रल इंडियाचा खंड, 19 वा, जात आणि धंद्याच्या तक्त्यांसाठी पाहा. कलालांपैकी किती जण खरोखर दारूच्या धंद्यात होते याचा अंदाज तिथून येतो. मग दरबारचे वार्षिक अहवाल. ते फसली, म्हणजे महसुली, सालाचे असतात, साल जूनमध्ये बदलतं, म्हणून एका अहवालात दोन इसवी सनांचे महिने येतात. "1896 चा अहवाल" मागितलात तर अर्धं वर्ष हातून जाईल, पुढचा-मागचा दोन्ही मागवा. इंदुरात अहिल्या केंद्रीय ग्रंथालय, महाराष्ट्र साहित्य सभेचं ग्रंथालय आणि मध्यभारत हिंदी साहित्य समिती, या तिन्ही ठिकाणी जुनी छापील सामग्री स्वतः जाऊन बघा.

रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांची सूची अभिलेख पटल या संकेतस्थळावर शोधता येते. शोधताना एकाच शब्दावर थांबू नका. अबकारीचं रोमन स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं, शेवटी कधी आय तर कधी दुहेरी ई. एक्साइज, लिकर, कलाल, रेसिडेन्सी बझार, कँटोनमेंट हेही टाकून बघा. सगळ्यांत मोलाचे ते फौजदारी खटले आणि परवान्यांच्या अटी. अटींमध्ये "दारूच्या बदल्यात कपडे किंवा भांडी घेऊ नयेत" असं वाचलंत की समजा, लोक अंगावरचं पांघरूण ठेवून पीत होते. प्रत्येक मनाई ही त्या दुकानात घडणाऱ्या एखाद्या गोष्टीची नोंद असते. दरबारच्या आतल्या कागदांसाठी मोडी लागेल. स्वतः शिकायला वेळ नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे चौकशी करा, मोडी वाचणारे तिथून कळतील. पण कुठली पानं वाचून हवीत ते आधी ठरवा.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर राजा दीनदयाळ यांची छायाचित्रं शोधा. ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि फोटोग्राफीची सुरुवात त्यांनी तिथेच केली. त्यांचा विषय राजेरजवाडे आणि इमारती. तुम्ही पाहायचं ते कडेला : उभ्या नोकराचं पागोटं, ओसरीचा खांब, रस्त्याची धूळ.

साधनांचा कलही ओळखा. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने पहिल्या यशवंतराव होळकरांच्या पिण्याबद्दल लिहिलंय, चेरी आणि रास्पबेरी ब्रँडीसाठी मुंबईची दुकानं रिकामी झाल्याचं म्हटलंय. पण माल्कम त्यांच्याविरुद्ध लढलेल्या बाजूचा होता, हे विसरून ते वाक्य उचलू नका. मद्यपानबंदीवाल्यांची अँग्लो-इंडियन टेंपरन्स असोसिएशन 1888 ची, तिचं 'अबकारी' हे नियतकालिक 1890 पासून. त्यात दारूने बुडालेली घरं दिसतील, हसत घरी गेलेला माणूस दिसणार नाही. अबकारी अधिकाऱ्याला चोरटी भट्टी सगळीकडे दिसते, कारण वसुली कमी का झाली हे त्याला वर सांगायचं असतं. तिघांचे कागद समोरासमोर ठेवा. तिघेही एकच गोष्ट सांगत असतील तर ती बिनधास्त वापरा.

टिपणं काढताना प्रत्येक तपशिलापुढे तीनपैकी एक खूण करा : याच सालाचा, याच गावाचा पुरावा, शेजारच्या सालाचा किंवा गावाचा पुरावा, आणि निव्वळ माझी कल्पना. नाणं, कायदा, इमारत, राज्यकर्ता, आगगाडी यांना पहिलीच खूण हवी, कारण इंदूरचा वाचक तिथे पकडतो. भांडी, खाणं, बसण्याची रीत यांना दुसरी चालते. कलालिणीचं नाव, तिचा स्वभाव, ती काय बोलते, हे सगळं तिसऱ्यात, आणि तिथे कुणाला विचारू नका.

दारू न पिता वास कसा लिहायचा याची काळजी करू नका. चैत्रात चोरळच्या बाजूला पहाटे मोहाच्या झाडाखाली जा, ताजं फूल चावून पाहा, मग वाळलेली फुलं मूठभर आणून पाण्यात दोन दिवस झाकून ठेवा आणि झाकण उघडा. इथे थांबा. घरी गाळणं हा गुन्हा आहे आणि अंगाशी येतं. मध्य प्रदेशात आता परवान्यानिशी मिळणारी मोहाची दारू पोलादी भांड्यांत गाळलेली, स्वच्छ असते, त्यामुळे तिच्यावरून 1896 ची चव ठरवता येणार नाही.

कादंबरीच्या शेवटी अर्धं पान लेखकाचं टिपण द्या. कुठली कलाली काल्पनिक आहे, कुठला रस्ता तुम्ही वळवलात, कुठली तारीख सरकवलीत, एवढंच त्यात लिहा. वाचलेल्या कागदांची जंत्री तिथे नको.